पिशवीतला कापूस

परदेशीपुरा, इंदौर
१८ ऑक्टोबर १९९४

प्रिय पंचशीलदादा,
सप्रेम जयभीम.

दसऱ्याला तू महूला येऊन गेलास आणि आमच्याकडे डोकावलाही नाहीस, म्हणून आई रागावली आहे. मोठ्या काकांच्या घरापासून आमचं घर काही विलायतेत नाही, असं तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय.

पण मी वेगळ्याच कामासाठी लिहितेय. तू कंपनीत मशीनांचं मेन्टेनन्स बघतोस, म्हणून तुलाच विचारते. धूळ ओढायचं व्हॅक्यूम मशीन कोणतं घ्यावं? घर झाडायला नाही, बाबांच्या कारखान्यासाठी. टिकाऊ हवं.

बाबांची मिल बंद होऊन येत्या डिसेंबरात तीन वर्षं होतील. पहिलं वर्षभर ते रोज मिलच्या गेटवर जाऊन बसायचे. मग मागच्या पत्र्याच्या खोलीत सुतारकाम काढलं. आता इकडे गल्लोगल्ली एसटीडी-पीसीओ निघताहेत ना, त्यांच्या काचेच्या लाकडी केबिन बाबा करतात. काम एवढं आहे की नाही म्हणावं लागतं. पण भुसा! पाण्याच्या माठात भुसा, माझ्या कॉलेजच्या फायलींत भुसा. रोज राऊला कॉलेजच्या ऑफिसात पोचल्यावर आधी मी केस झटकते. बाबांचा खोकला वाढलाय. डॉक्टर म्हणाले, तीस वर्षं कापसाची धूळ खाल्लेली छाती आहे, आता लाकडाची सोसणार नाही. धूळ तरी काढा नाही तर काम सोडा. काम सोडायचं म्हटलं की बाबा जेवणच सोडतात.

परवा एक सेल्समन टाय लावून आला होता. त्याने लाल प्लॅस्टिकच्या मशीनने सोफ्यातली धूळ काढून दाखवली. आमच्याकडे सोफा नाही, म्हणून शेजारच्या सिंधी काकूंच्या सोफ्यातली. मी अजून हो म्हटलेलं नाही. तू लिही.

तुझी
मानसी

*

भोसरी, पुणे
२ नोव्हेंबर १९९४

प्रिय मानसी,
जयभीम. काकूंचा राग कबूल आहे, पुढच्या वेळी आधी तुमच्याकडे.

टायवाल्याला परत पाठव. घरगुती मशीनमध्ये जी हवा धूळ ओढते, तीच मोटरला थंडही करते. बारीक भुशाने पिशवी बुजली की हवा अडते आणि दोन महिन्यांत मोटर जळते. मोटर थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते का, हे सगळ्यात आधी विचारायचं. खालचं पिंप पत्र्याचं हवं. नळी मनगटाएवढी जाड हवी, नाही तर रंध्याचा एक छिलका अडकला की खेळ संपला. आणि कार्बन ब्रश, पिशवी हे सगळं इंदौरात मिळतं का ते बघ. जे मशीन आपल्या गावात उघडून दुरुस्त होत नाही, ते आपलं नाही. हल्ली बाहेरच्या कंपन्यांचे गुळगुळीत कॅटलॉग फार येतात. आमचा नवा साहेबसुद्धा असाच एक कॅटलॉग काखेत मारून फिरतो, आणि कुठलं मशीन आलं तर किती माणसं कमी होतील ते विचारतो. त्याबद्दल पुन्हा कधी.

घेताना चालू करून नळीच्या तोंडावर तळवा ठेव. आवाज चढला पाहिजे आणि हात सुटता सुटू नये. जुनं घेतलंस तरी चालेल, जुनी मोटर नव्यापेक्षा बरी असते. फक्त ते कुठून आलंय ते विचारून घे. रसायनांच्या कारखान्यातलं असलं, तर तिथली घाण तुमच्या घरात यायची.

काकांना नमस्कार. नाकाला फडकं बांधा म्हणावं.

तुझा दादा
पंचशील

*

परदेशीपुरा, इंदौर
२७ नोव्हेंबर १९९४

प्रिय दादा,
जयभीम.

मशीन घेतलं! बाबांना घेऊन गेले होते, लोहामंडीतल्या एका जुन्या सामानवाल्याकडे मिळालं. पत्र्याचं करडं पिंप, माझ्या कमरेएवढं, जाड नळी. तू सांगितल्याप्रमाणे तळवा ठेवला तर हात ओढून काढावा लागला. दुकानवाला बाबांना म्हणाला, "भिया, ये मशीन नहीं, हाथी है हाथी." कुठून आलं म्हणून विचारलं, तर म्हणाला मिलचं आहे, बंद व्हायच्या आधी भंगारात काढलेलं. पिंपाच्या मागे पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, कार्डिंग ४. म्हणजे बाबांचंच, कापूस पिंजायचं खातं! मला तर आनंदच झाला. बाबांनी त्या अक्षरांवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग नको म्हणाले. आम्ही निघालो. कोपऱ्यापर्यंत आलो तर तिथे थांबले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घे ते."

काम उत्तम करतं. आईने माठावरचं फडकं काढलं, एवढं लिहिलं म्हणजे तुला कळेल.

एक गंमत मात्र आहे. रविवारी दुपारी पिशवी रिकामी केली, तर भुशात पांढरी रुई निघाली. दोन मुठी भरतील एवढी. आमच्याकडे गाद्याही खोलल्या नाहीत कुणी. जुन्या नळीतली असेल का?

तुझी
मानसी

*

भोसरी
९ डिसेंबर १९९४

प्रिय मानसी,

नळीतलीच. कार्डिंगमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं मशीन, त्याच्या सांध्यांत रुई घट्ट बसलेली असणार. आता जोराने चालतंय म्हणून सुटतेय. नळी सोड्याच्या गरम पाण्याने धू, पिंप आतून पुसून घे, पिशवी नवी शिव. दोन आठवड्यांत थांबेल.

चांगलं घेतलंस. काका नको का म्हणाले असतील ते कळतं. मिलचं सामान भंगारात बघवत नसेल.

पंचशील

*

परदेशीपुरा, इंदौर
३० डिसेंबर १९९४

प्रिय दादा,

थांबलं नाही.

नळी धुतली. आतून हात फिरवून बघितला, काच झाली होती. पिशवी नव्या मांजरपाटाची मी स्वतः शिवली. पहिल्याच दिवशी अर्धी पिशवी रुई. आणि ही रुई जुनी वाटत नाही, दादा. कोमट असते. ओलसर. तिला मशीनच्या तेलाचा वास येतो, बाबा पाळीवरून घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला यायचा तोच.

काल सुट्टी होती. दुपारी बाबा जेवायला गेल्यावर मी पिशवी झटकली, पिंप पुसलं, नळीच्या तोंडावर तळवा दाबून धरला आणि बटण दाबलं. दोनशेपर्यंत मोजलं. बाहेरून एक कणही आत गेला नाही. मग बंद करून उघडलं. पिशवी भरलेली होती. मी तशीच खाली बसले. बाहेर शेजारच्या काकू पापड वाळत घालत होत्या, रेडिओ चालला होता, लख्ख ऊन होतं. आणि माझ्या मांडीवर ती कोमट रुई.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "ठेव तिकडे." ते ती फेकू देत नाहीत. एका पोत्यात भरतात. बोटांनी पिंजत बसतात.

आणखी एक. मशीन थोडा वेळ चाललं की आतून ठोके येतात. लोखंडावर लोखंड मारल्यासारखे. तीन ठोके, मग थांबणं, मग पुन्हा तीन. ते सुरू झाले की बाबा बटण बंद करून खोलीबाहेर जातात. मागच्या मंगळवारी रमाकाकू आल्या होत्या, माझा शिवलेला ब्लाउज द्यायला, त्या शिवणकाम करतात. तुला आठवत नसतील. बाबांच्या हाताखाली श्रीकृष्णकाका होते ना, त्यांची बायको. काका मिल बंद झाली त्याच दिवशी घर सोडून गेले. सुरतेला दुसरं घर केलंय म्हणतात. रमाकाकू दारात उभ्या होत्या आणि मशीनमधून ठोके सुरू झाले. त्यांनी विचारलं, "भाऊ, कोण वाजवतंय?" बाबांच्या हातातली पटाशी पडली. त्यांनी बटण बंद केलं.

मला भीती वाटते, दादा. मशीनची नाही. बाबांची.

मानसी

*

भोसरी
१२ जानेवारी १९९५

प्रिय मानसी,

ठोके म्हणजे बेअरिंग गेलंय. पंख्याचं पातं सैल होऊन कुठे तरी आपटतंय. मशीन लगेच बंद कर, पातं सुटलं तर पत्रा फाडून बाहेर येईल. कोमट रुईचं म्हणशील तर मोटरची ऊब. तळव्याच्या फटीतून हवा जातेच.

तू नीट शिकलेली मुलगी आहेस. आपल्या घरात कुणी भूतखेत मानलं नाही, आजोबांनी पलटणीतून आल्यावर अंगणातला देवाचा दगड उचलून विहिरीला लावला होता. तू डोक्यात काही घेऊ नकोस.

काकांना मात्र एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखव. छातीच्या नव्हे. काम गेलेल्या माणसाचं मन कधी कधी असं भरकटतं. इथेही मी बघतोय. काकांसाठी वेगळी चिठ्ठी जोडली आहे, त्यांना दे. तू वाचू नकोस.

पंचशील

*

इंदौर
२५ जानेवारी १९९५

चि. पंचशील यास,
काकाचा जयभीम.

तुझी चिठ्ठी पोचली. तू विचारलंस, काका, मनावर काय आहे ते मला तरी सांगा. मला लिहायची सवय नाही. सांभाळून घे.

मिल बंद झाली तो दिवस. पहिली पाळी होती. मी कार्डिंगचा जॉबर, मुकादमच म्हण. आमच्या खात्याच्या खाली एक भुयार होतं. मशीनची सगळी धूळ पंखे त्यात ढकलायचे. धूलघर म्हणायचो. उतरायला एकच लोखंडी झाकण. दहाच्या सुमाराला मी श्रीकृष्णाला खाली साफ करायला पाठवलं. अर्ध्या तासात सगळं बंद पडलं. नोटीस लागली, नोटीस लागली, अशी ओरड झाली. सगळे गेटाकडे धावले. मीही धावलो. जाताना झाकण पाडलं आणि कडी घातली. खातं सोडताना कडी घालायची, आग पसरू नये म्हणून. जॉबर झाल्यापासून एकवीस वर्षं घालत होतो. हात करून गेला.

बाहेर हजारो माणूस. तो गर्दीत असेल असं वाटलं. चार वाजता चहाची कपबशी तोंडाला लावली आणि आठवलं. पळत गेलो. गेटाला कुलूप, समोर बंदूकवाले. एकाला म्हणालो, आत एक माणूस राहिला असेल. तो म्हणाला, "सब निकल गए, चाचा. घर जाओ." आणि मी घरी आलो. कडी घातली ती चुकून. घरी आलो ते चुकून नाही. तमाशा होईल, माझ्यावर येईल, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी रमा आली. म्हणाली, भाऊ, हे कुठे दिसले का? मी म्हणालो, गेटवर दिसला होता, बिडी ओढत उभा होता. बिडीचं कशाला जोडलं मला ठाऊक नाही. पुढे लोक म्हणाले सुरतेला गेला. मी मान हलवली.

मी वर्षभर गेटवर जाऊन बसायचो ते मिलसाठी नव्हे.

बेअरिंग गेलेलं नाही. मी उघडून बघितलं. खालून वर यायचं असलं की श्रीकृष्ण पान्याने झाकणाला असेच ठोके द्यायचा. तीन, मग थांबायचा, मग तीन. मी वरून झाकण उचलायचो.

कचरू

*

भोसरी
१ फेब्रुवारी १९९५

ती. काकांस,
सा. न.

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. मी मानसीला डॉक्टरचं लिहिलं होतं, त्याची लाज वाटते. मशीनचं काय ते मला समजत नाही. समजतं असं आता लिहीत नाही.

पण काका, हे पत्र माझ्यासाठी नव्हतं. ते रमाबाईंचं आहे. त्यांना जाऊन सांगा. पत्राने नको, तोंडाने. मी रजा मागितली होती, मिळाली नाही. मिळाली असती तर तुमच्याबरोबर त्यांच्या दारापर्यंत आलो असतो.

पंचशील

*

परदेशीपुरा, इंदौर
१९ मार्च १९९५

प्रिय दादा,

अडीच महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं हातात काही नव्हतं, आणि नंतर लिहवेना.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाले, चल. आई दारात उभी होती. तिला त्यांनी आदल्या रात्रीच सांगितलं असावं, तिचे डोळे सुजले होते. रमाकाकू शिलाई मशीनवर बसून साडीला फॉल लावत होत्या. बाबा उभ्यानेच बोलले. कुठे थांबले नाहीत. काकूंनी सुईखालचं कापड काढलं, घडी घातली. मग म्हणाल्या, "भाऊ, ते बिडी ओढतच नव्हते."

त्यांनी ती घडी मशीनवर ठेवली.

"तुम्ही बिडी म्हणालात तेव्हाच माझं मन फिरलं. म्हटलं, माझ्यापासून चोरून काय काय करत होता हा माणूस. म्हणून सुरतेचं खरं वाटलं. तीन वर्षं मी त्यांना रोज शिव्या दिल्या. पोरींना बापाचं नाव घेऊ दिलं नाही. त्या शिव्या आता कुणी परत घ्यायच्या?"

बाबा त्यांच्या पायाशी वाकायला गेले, तर त्या पाय ओढून उठल्या. "ठाण्यात चला," म्हणाल्या, "आत्ता."

ठाण्यात आधी कुणी ऐकेना. मिलला कोर्टाचं सील, कागद इकडून तिकडे फिरत राहिले. रमाकाकू रोज जाऊन बसायच्या. बाबाही जायचे, त्यांच्यापासून दहा हात लांब. शेवटी आठ मार्चला सील काढलं. जागा दाखवायला बाबांना आत नेलं. मी आणि काकू गेटवर होतो. पुढचं मी बाबांनी सांगितलं तसं लिहिते.

कार्डिंगमध्ये सगळीकडे जाळी-जळमटं, मशीनांवर बोटभर धूळ. कडी गंजलेली होती, हातोड्याने तोडावी लागली. झाकण उचलताना बाबा म्हणाले, सांभाळून, आत गुडघाभर रुई असेल, बॅटरी जपून धरा. बॅटरी आत मारली. आत रुई नव्हती. एक तंतू नव्हता. भिंती, कोपरे, पंख्यांची तोंडं, सगळं झाडून-पुसून काढल्यासारखं. हवालदाराने विचारलं, "ये किसने साफ किया?" तीन वर्षं कुणी उतरलं नव्हतं. त्या स्वच्छ फरशीवर श्रीकृष्णकाका होते. जे उरलं होतं ते. पाना हाताशी. झाकणाच्या आतल्या बाजूला सगळे खड्डेच खड्डे.

आपल्या खोलीत तोपर्यंत साडेचार पोती रुई झाली होती.

बाबांना दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं, जबाब घेतला. पुढे काय होईल माहीत नाही. रमाकाकूंच्या जबाबात त्यांनी म्हटलंय, "कडी भाऊंनी घातली, कुलूप वरच्यांनी घातलं. दोन्ही लिहा." श्रीकृष्णकाकांना जाळायला आम्हीही गेलो, लांब उभे राहिलो. काकूंनी हाकललं नाही, बोलावलंही नाही. आता त्या आमच्या गल्लीतून जात नाहीत, मागून वळसा घालून बाजारात जातात.

मशीन चालतंय. पिशवीत फक्त भुसा असतो. मी रोज बघते. ठोके नाहीत. बाबा मधेच बटण बंद करतात आणि कान देऊन उभे राहतात. काहीच येत नाही. मला वाटतं, ठोके होते तेव्हा त्यांना निदान कुणी तरी बोलवत होतं.

मानसी

*

भोसरी
११ जून १९९५

प्रिय मानसी,
जयभीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन महिने लागले. काय लिहावं ते समजत नव्हतं. आज लिहितो, कारण काल एक गोष्ट घडली.

मी तुला सगळं सांगत नव्हतो. आमचं जुनं शेड बंद करायचं ऑक्टोबरातच ठरलं होतं. नवीन मशीन आलं, त्याला एवढी माणसं लागत नाहीत. कुणाला काढायचं ती यादी साहेबाने माझ्याकडूनच करून घेतली. एकेचाळीस नावं. तुला मोटर आणि नळीचे सल्ले देत होतो, त्याच टेबलावर ती यादी होती. कारण म्हणून लिहीत नाही, खरं म्हणून लिहितोय.

काल शेडचा शेवटचा दिवस. दुपारी दोनला मेन स्विच पाडायचा होता. साहेब म्हणाला, माणसं बाहेर पडली, पाड आता. मी म्हटलं, थांबा. हजेरीचं पुस्तक घेऊन गेटवर उभा राहिलो आणि एकेकाला नावाने हाक मारली. लोक हसले. एक जण मला म्हणाला, काय साहेब, शाळा भरवली की काय? साहेब घड्याळ बघत होता. चाळीस जणांनी ओ दिली. श्रीरामची आली नाही.

तो कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एक म्हणाला, मघाशी सायकल काढताना दिसला. मी म्हटलं, तू डोळ्यांनी बघितलास का? तर तो म्हणाला, बघितल्यासारखं वाटलं.

मी आत पळालो. सगळं शेड नाव घेऊन ओरडत फिरलो. कॉम्प्रेसरच्या खड्ड्यात सापडला. चार पायऱ्या खाली, फडक्याने फिल्टर पुसत बसला होता. शेवटचा दिवस आहे, घाण कशाला ठेवायची, म्हणाला. सव्वीस वर्षं त्या कॉम्प्रेसरपाशी काढलेली, ऐकायला जवळपास येतच नाही. नोटीस, घोषणा, गडबड, त्याच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. वर लोखंडी जाळी आहे. स्विच पाडून सगळे गेले, की पहारेकरी तिला कुलूप घालणार होता.

मी खाली उतरून त्याचा दंड धरला. तो माझ्या तोंडाकडे बघून घाबरला. "साहेब, एवढे का ओरडत होतात? काय झालं?"

गेटपर्यंत मी त्याचा हात सोडला नाही.

तुझा दादा
पंचशील